जागा मोकळी नव्हती, साहेब

प्रति,
ए एफ एल, एन आर एल, फुटबॉल ऑस्ट्रेलिया, ए-लीग आणि रग्बी ऑस्ट्रेलिया इथली वरिष्ठ मंडळी
मुक्काम मेलबर्न आणि सिडनी

विषय: आम्हाला 'मार्केट' म्हणणं थांबवण्याबाबत आणि टीम आणल्यावर ती जागेवर ठेवण्याबाबत

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितेय, तुम्हाला वाचता येणार नाही हे माहितेय, पण तुमच्या सगळ्यांकडे मल्टिकल्चरल नावाचं काहीतरी असतंच ना, जे दिवाळी आली की खेळाडूंच्या हातात पणत्या देऊन फोटो टाकतं, त्यांच्याकडे द्या आणि वाचून घ्या. नाहीतर ट्रान्सलेट मारा, आजकाल सगळं होतं. आणि नाहीच वाचलंत तरी इथली मराठी मंडळी वाचतील, त्यांच्याही घरी हाच तमाशा चालू आहे.

मी टूंगाबीला राहते. पॅरामॅटाच्या पुढं, ब्लॅकटाऊनच्या अलीकडं, म्हणजे तुमच्या पॉवरपॉईंटमध्ये ज्या भागावर मोठा बाण काढून 'ग्रोथ' लिहिलेलं असतं त्याच्या बरोब्बर पोटात. मूळची कोल्हापूरची. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की आम्ही भारतातून येताना फक्त क्रिकेट घेऊन येतो आणि फुटबॉलच्या बाबतीत आमची पाटी कोरी असते, त्यावर जो पहिला लिहील त्याचं नाव. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलची पाटी कोरी म्हणायचं म्हणजे धाडसच आहे, पण त्याकडे नंतर येते.

आधी आमचा फ्रिज बघा. वर पॅरामॅटा ईल्स या रग्बी लीगच्या टीमचं निळं-पिवळं वेळापत्रक, त्याखाली जायंट्सचं नारिंगी मॅग्नेट, आणि बाजूला वॉन्डरर्सचा लाल-काळा स्टिकर जो पोरानं सरळ दारालाच चिकटवला आणि आता काही केल्या निघत नाही, खोबरेल लावून झालं, गरम पाणी झालं, आता त्याचा एक कोपरा तेवढा उचकटलाय आणि त्यात पीठ बसतं. हे सगळं शाळेच्या दप्तरातून आलेलं. एका टर्ममध्ये एक कोचलोक येऊन पोरांना अंडाकृती बॉल उडवायला शिकवून जातात, पुढच्या टर्ममध्ये दुसरे येतात ते कमरेला चिंध्या बांधून पळायला लावतात (म्हणजे टॅग, रग्बीचाच न पाडता खेळायचा प्रकार), मग तिसरे गोल बॉल घेऊन. प्रत्येक जण जाताना टोपी, टॅटू, फ्री तिकीट. पोरं खूश, मीही सुरुवातीला खूश होते, फुकट ते पौष्टिक. पण हळूहळू लक्षात आलं की हे माझ्या पोरांना खेळ शिकवायला येत नाहीयेत, एकमेकांच्या आधी पोचायला येतायत.

जे वाचणारे अजून ऑस्ट्रेलियात आले नाहीत त्यांच्यासाठी पटकन सांगते. इथं चार खेळ फुटबॉल म्हणून मिरवतात. ए एफ एल वाल्यांचा ऑस्ट्रेलियन रूल्स, जो क्रिकेटच्याच मैदानावर होतो, एका बाजूला अठरा जण, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोघांतून बॉल मारला तर सहा पॉईंट आणि बाजूच्या फटीतून गेला तरी एक, म्हणजे नेम चुकला तरी हातात काहीतरी. मग एन आर एल वाल्यांची रग्बी लीग, तेरा जण, सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्याला, ही आपल्या लोकांना लगेच कळते कारण ती कबड्डीतल्या पकडीसारखीच आहे, फक्त पकडणारा शंभर किलोचा. रग्बी युनियन पंधरा जणांची, ती इथं जास्त करून महागड्या खासगी शाळांमधून येते. आणि चौथा आपला नेहमीचा फुटबॉल, ज्याला हे लोक सॉकर म्हणतात, त्याची इथली स्पर्धा म्हणजे ए-लीग. एवढ्याशा लोकसंख्येच्या देशात चार व्यावसायिक फुटबॉल, आणि चौघांनाही तेच प्रेक्षक, तीच पोरं, तीच मैदानं आणि टीव्हीवरची तीच संध्याकाळ पाहिजे. एकट्या ए एफ एलचं २०२५ ते २०३१ चं टीव्हीचं डील साडेचार अब्ज डॉलरचं आहे, म्हणजे भांडण कशावरून चाललंय ते कळलं असेल.

तर साहेब, परत तुमच्याकडे.

१९७८ मध्ये इयन टर्नर नावाच्या इतिहासकारानं तुमच्या नकाशावर एक रेघ काढून दाखवली होती, दक्षिणेकडं ईडनच्या किनाऱ्यावरून निघून कॅनबेरा, ब्रोकन हिल करत वर थेट आर्नहेम लँडपर्यंत. रेघेच्या अलीकडं ऑस्ट्रेलियन रूल्स, पलीकडं रग्बी. मेलबर्नचे मोठे खेळाडू रॉन बरासी, त्यांच्या नावानं तिला बरासी लाईन म्हणतात. तुमची गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली सगळी धडपड ही रेघ ओलांडायची आहे. ए एफ एलला सिडनी-ब्रिस्बेन पाहिजे, एन आर एलला मेलबर्न-पर्थ पाहिजे, सॉकरला सगळंच पाहिजे. त्यात काही वाईट नाही, खेळ वाढावा असं कुणाला वाटणार नाही? पण ओलांडायची पद्धत बघा तुमची.

२०१२ चं घ्या. आमच्या या पश्चिम सिडनीत एकाच वर्षी दोन टीम आल्या. मार्चमध्ये ए एफ एलचे जायंट्स मैदानात उतरले, ऑक्टोबरमध्ये ए-लीगचे वॉन्डरर्स. जायंट्ससाठी ए एफ एलनं काही वर्षं तयारी केली होती, पैसा ओतला, आणि सगळ्यात गाजलेलं म्हणजे रग्बी लीगचा स्टार इझ्रायल फोलाऊ फोडला, साठ लाख डॉलरच्या वरचा आकडा पेपरात आला होता. हिशोब असा की लीगवाली पब्लिक त्याच्या मागं मागं येईल. त्यानं एक सीझन खेळला, १३ मॅच, २ गोल, आणि रग्बी युनियनकडं निघून गेला. त्याच्या आधी ए एफ एलच्याच गोल्ड कोस्ट सन्ससाठी कारमायकल हंटला असाच लीगमधून आणला होता, तो बिचारा खरंच मेहनत करून खेळ शिकला, २०१२ मध्ये केर्न्सला रिचमंडविरुद्ध शेवटच्या भोंग्यानंतर गोल मारून मॅचही जिंकून दिली, पण शेवटी तोही युनियनलाच गेला. म्हणजे ए एफ एलनं पैसे मोजले, लीगचे खेळाडू गेले, आणि युनियनवाल्यांना आयते मिळाले. आता युनियनवाले तेच करतायत, लीगमधून जोसेफ सुआलीईला उचलला, कारण २०२७ ला रग्बी वर्ल्ड कप इथंच आहे. माणूस फोडला की त्याच्यामागून गल्ली येते असं तुम्हाला वाटतं. येत नाही हो. लीगवाल्यानं फोलाऊला शिव्या घातल्या आणि ईल्सची मॅच लावली.

आणि मग २०१३ मध्ये जायंट्सचे कोच केविन शीडी, एवढा मोठा माणूस, ते पत्रकारांसमोर बोलून गेले की वॉन्डरर्ससाठी फॅन भरती करायला इमिग्रेशन डिपार्टमेंट आहे, आमच्याकडं तशी सोय नाही. गदारोळ झाला. मी तेव्हा इथं नव्हते, नंतर वाचलं, आणि खरं सांगते रागापेक्षा हसूच जास्त आलं. मला इमिग्रेशन डिपार्टमेंटनं पोलीस क्लिअरन्स मागितला, इंग्लिशची परीक्षा घेतली, छातीचा एक्स-रे काढायला लावला, पण कुठली टीम ते शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

विनोद सोडा, त्यांचा मुद्दाच चुकीचा होता. वॉन्डरर्स सहा महिन्यांत उभी राहिली, एप्रिलमध्ये घोषणा आणि ऑक्टोबरमध्ये पहिली मॅच, आणि तरी ती चालली कारण सुरुवातीलाच त्यांनी या भागात गावोगाव सभा घेतल्या आणि लोकांना विचारलं की नाव काय ठेवू, रंग कुठला घेऊ, खेळू कुठं. लोक म्हणाले पॅरामॅटालाच खेळा. नावसुद्धा इथल्याच मातीतलं निघालं, १८८० मध्ये पॅरामॅटा कॉमनवर किंग्ज स्कूलविरुद्ध जी मॅच झाली होती त्या टीमचं नाव वॉन्डरर्स. पहिल्याच सीझनला लीगमध्ये पहिला नंबर, २०१४ ला रियाधमध्ये जाऊन अल हिलालला रोखून आशियाची चॅम्पियन्स लीग. पॅरामॅटा स्टेडियम ओसंडून वाहायचं.

मग ते स्टेडियमच पाडलं. नवीन बांधायचं म्हणून टीमला तीन सीझन ऑलिम्पिक पार्कला पाठवलं, आणि गर्दी आटली. २०१९ ला नवं कोरं तीस हजारांचं स्टेडियम आलं, सुंदर आहे, मी पण जाते, पण पहिल्या वर्षांतली ती पब्लिक पूर्ण काही परत आली नाही. आता सांगा, इमिग्रेशन डिपार्टमेंट तर त्या तीन वर्षांतही चालूच होतं की. विमानं भरभरून माणसं येतच होती. मग फॅन का कमी झाले? कारण लोक चालत, ट्रेननं, पोरांना खांद्यावर घेऊन ज्या जागी जायचे ती जागा हलवली.

इथं कोल्हापूरचं सांगते. आमच्याकडं टीम कुणी 'आणत' नाही. पेठ असते, पेठेत तालीम असते, तालमीची टीम असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमी, त्यांच्याच पोरांनी फुटबॉल उचलला, आणि आता शाहू स्टेडियमला मोठी मॅच असली की दुपारपासून गावातला ट्रॅफिक बदलतो. आमच्या घरात सगळे पाटाकडीलवाले. तिथं कुणाला 'तू कुठल्या टीमचा' असं विचारत नाहीत, 'कुठल्या पेठेतला' असं विचारलं की झालं, उत्तर त्यातच आलं. माझ्या लहानपणी पोरी काही स्टेडियमवर फार जायच्या नाहीत, पण मॅचचा निकाल आम्हाला गल्लीत परतणाऱ्या गाड्यांच्या हॉर्नवरून कळायचा. हॉर्न वाजले नाहीत तर आई कुकरची शिट्टी पण हळू करायची म्हणा ना, कारण बाप आणि काका येऊन गप्प बसणार. आता हे काही आदर्श वगैरे म्हणून सांगत नाहीये. मारामाऱ्या होतात, दगड पडतात, मॅच बंद पाडाव्या लागतात, पोलीस बंदोबस्ताशिवाय डर्बी होत नाही. पण एक गोष्ट आहे. पाटाकडील तालीम उद्या उठून सांगलीला जाणार नाही. कुणी कितीही पैसे दिले तरी जाणार नाही, कारण तिथून ती उचलताच येत नाही.

आता दुसरी बाजू. आमचे हे पुण्याचे. (लग्न कसं जमलं हा वेगळा विषय आहे.) पुण्याच्या माणसाला टीमचं एक्सपान्शन म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०११ ला पुणे वॉरियर्स आले, २०१३ ला संपले. २०१६ ला रायझिंग पुणे आले, २०१७ च्या फायनलला एका रननं मुंबईकडून हरले आणि घरी गेले, कायमचे. फुटबॉलमध्ये एफसी पुणे सिटी २०१४ ला आली, २०१९ ला बंद, आणि तिच्या जागी हैदराबाद. ह्यांच्याकडं तिन्हींचे टी-शर्ट आहेत, आता गाडी पुसायला वापरतात. त्यामुळं इथं कुठलीही टीम मेंबरशिपचं विचारायला आली की ह्यांचं एकच वाक्य ठरलेलं, 'आधी दहा वर्षं टिकून दाखवा म्हणावं.' मी आधी म्हणायचे किती हा कोतेपणा, पुणेरीपणा. मग मी इथला इतिहास वाचायला लागले आणि गप्प बसले.

कारण तुमची यादी पुण्यापेक्षा लांब आहे. ए एफ एलनं फिट्झरॉय घालवला, १८९७ च्या पहिल्या आठ क्लबमधला, आठ वेळा चॅम्पियन झालेला, १९९६ ला पर्थमध्ये शेवटची मॅच खेळायला लावली आणि पुढच्या वर्षी ब्रिस्बेनमध्ये विलीन. रग्बी लीगनं तर कहर केला, १९९५ पासून मर्डोक आणि पॅकर या दोन टीव्हीवाल्या शेठ लोकांच्या भांडणात १९९७ ला एकाच खेळाच्या दोन-दोन स्पर्धा चालवल्या, वर्ष-दोन वर्षांत पर्थ, अॅडलेड, दक्षिण क्वीन्सलंड, हंटर, सगळीकडच्या नव्या टीमांनी गाशा गुंडाळला. साऊथ सिडनीला, १९०८ पासूनचा क्लब, १९९९ च्या शेवटी काढून टाकलं, हजारो लोक रस्त्यावर उतरले, कोर्टकचेरी झाली तेव्हा कुठं २००२ ला परत घेतलं. त्याच साऊथ सिडनीनं २०१४ ला ट्रॉफी उचलली, म्हणजे ज्याला तुम्ही मोडीत काढलं होतं त्यात एवढा जीव होता. नॉर्थ सिडनी बेअर्सचं नशीब तेवढं नव्हतं, मोठ्या स्पर्धेपुरतं त्यांचं फक्त नाव उरलं आणि आता २०२७ ला ते नाव पर्थला चाललंय, पर्थ बेअर्स म्हणून. पर्थच्या लोकांचं कौतुक वाटतं मला, १९९७ ला तुम्ही त्यांची टीम बंद केलीत आणि तीस वर्षांनी दुसऱ्याच्या अंगणातलं अस्वल पाठवताय आणि ते बिचारे तरी स्वागताला तयार.

सॉकरवाल्यांनी हसू नये. नॉर्थ क्वीन्सलंड फ्युरी दोन सीझन, गोल्ड कोस्ट युनायटेड तीन. आणि मेलबर्नच्या वेस्टर्न युनायटेडचं काय केलंत? त्यांचा भाग म्हणजे टार्नीट, तिथं आपली किती माणसं राहतात, पंजाबी तर आहेतच पण मराठीही बक्कळ. त्यांना सांगितलं पंधरा हजारांचं स्वतःचं स्टेडियम होणार, आजूबाजूला अख्खं नवं गाव वसणार. टीम आली २०१९ ला, २०२२ ला चॅम्पियन पण झाली, स्टेडियम मात्र येतंय येतंय म्हणत पाच हजारांच्या छोट्या मैदानावर आलं आणि २०२५ ला पैशाअभावी टीमच थांबली. माझी मैत्रीण तिथं राहते. तिचा मुलगा सात-आठ वर्षांचा, त्यानं विचारलं मग आता मी कुणाला सपोर्ट करू, तर ती म्हणाली थांब जरा, बघू. आता हे 'थांब जरा' किती दिवस सांगायचं ते तुम्हीच सांगा. रग्बी युनियनचं फार लिहीत नाही, २०१७ ला पर्थची फोर्स कापली, २०२४ ला मेलबर्नची रेबेल्स गेली, झालं.

आणि जिथं खरंच जीव टाकणारे लोक आहेत तिथं यायला तुम्हाला दीडशे वर्षं लागतात. ए एफ एलवाल्यांनो, टास्मानिया बघा. तिथल्या पोरांनी पिढ्यानपिढ्या मेलबर्नचे क्लब मोठे केले, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न पैसे घेऊन तिथं जाऊन मॅच खेळत आले, पण स्वतःची टीम? छोटं मार्केट, परवडत नाही. २०२३ ला एकदाचं लायसन्स दिलंत, तेही होबार्टला तेवीस हजारांचं छप्पर असलेलं स्टेडियम बांधा तर, या अटीवर, आणि त्यावरून अख्ख्या बेटावर घराघरात भांडणं लावलीत. टीम २०२८ ला खेळणार. नुसतं नाव जाहीर झाल्यावर दहा डॉलरची मेंबरशिप लाखाच्या वर लोकांनी घेतली, साडेपाच-पावणेसहा लाखांच्या बेटावर! ह्याला म्हणतात सपोर्ट. हे लोक एवढी वर्षं तिथंच होते, तुमच्याच एक्सेल शीटमध्ये बसत नव्हते.

पापुआ न्यू गिनीचं तर वेगळंच. तिथं रग्बी लीग म्हणजे जीव की प्राण, त्यांना टीम मिळतेय, २०२८ ला, आनंद आहे. पण ती मिळाली कशी तर ऑस्ट्रेलिया सरकारनं दहा वर्षांत ६० कोटी डॉलर द्यायचं ठरवलं, आणि सगळे पेपर सांगतात की त्यात चीनला लांब ठेवण्याचं राजकारण आहे. उद्या राजकारण फिरलं तर? पोर्ट मोर्स्बीचा एखादा पोरगा जर्सी घालून बसला असेल, त्याला कोण सांगणार?

तुम्ही म्हणाल मग काय, नवीन शहरात जाऊच नये का. जा की. पण जाताना ए एफ एलच्या स्वान्सचं आठवा. साऊथ मेलबर्नची टीम १९८२ ला सिडनीला आणली तेव्हा मेलबर्नचे जुने लोक रडले आणि सिडनीच्या लोकांनी ढुंकूनही बघितलं नाही. एक डॉक्टर मालक झाला, त्याचं गुलाबी हेलिकॉप्टर झालं, दिवाळं वाजायची वेळ आली, नव्वदच्या दशकात टोनी लॉकेटसारखा स्टार खेळाडू आला तेव्हा कुठं पब्लिक वळली, १९९६ ला फायनल हरले आणि २००५ ला जिंकले, क्लबच्या हिशोबानं ७२ वर्षांनी. सिडनीत येऊन तेवीस वर्षं. आणि २०२२ ला स्वान्सच्या बडी फ्रँकलिननं हजारावा गोल मारला तेव्हा अख्खं एससीजी (सिडनी क्रिकेट ग्राउंड) मैदानात उतरलं, तो व्हिडिओ मी कितीदा बघितलाय. रग्बी लीगच्या मेलबर्न स्टॉर्मचं पण तसंच, दुसऱ्याच वर्षी १९९९ ला चॅम्पियन झाले, मग २०१० ला पगाराची मर्यादा चुकवायला ठेवलेल्या दोन-दोन वह्या सापडल्या आणि दोन ट्रॉफ्या काढून घेतल्या, तोंड काळं झालं, तरी टीम राहिली आणि आज मेलबर्नसारख्या शहरात तिला लोक आहेत. जायंट्सना पण मी नावं ठेवत नाही, २०१९ ला फायनलपर्यंत गेले. ८९ पॉईंटनं हरले, पण गेले. फक्त पश्चिम सिडनीची टीम म्हणवून घेता आणि दरवर्षी काही होम मॅच कॅनबेराला नेऊन खेळता हे काही पटत नाही. होम म्हणजे होम.

आता माझं खरं दुखणं. तुमच्या भांडणात आमच्या मैदानांचं काय होतंय ते वरून दिसत नाही. आमच्या इथलं कौन्सिलचं मैदान, मध्यभागी सिमेंटची विकेट, वर हिरवं सिंथेटिक. मार्च संपला की क्रिकेटचा सीझन आवरता आवरताच कौन्सिलची माणसं येतात आणि विकेटवर कुठं माती पसरतात, कुठं जाड मॅट टाकतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथं सॉकरच्या पांढऱ्या रेघा. त्या मातीत जूनमध्ये पाऊस झाला की मधोमध लांबच लांब चिखलाचं डबकं, नेमकं तिथूनच सगळी पोरं ड्रिबल करत जाणार आणि सगळी पोरं पडणार. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी एकाच मैदानाच्या एका कोपऱ्यात बारा वर्षांखालच्या पोरी, दुसऱ्या कोपऱ्यात टॅगवाले, मध्ये मोठ्यांची टीम, आणि चारपैकी दोन दिवे चालू. २०२३ ला मॅटिल्डा, म्हणजे ऑस्ट्रेलियाची बायकांची सॉकर टीम, वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला गेल्या, सत्तर लाखांच्या वर लोकांनी ती मॅच टीव्हीवर बघितली, दुसऱ्या दिवशी माझी लेक म्हणाली मला खेळायचंय, आणि तिच्यासारख्या कितीतरी. पोरी आल्या, चेंजिंग रूम नाही आली. आमच्याकडं आया अजून टॉवेल धरून उभ्या राहतात. ए एफ एलची पोरींची स्पर्धा २०१७ ला सुरू झाली, लीगची २०१८ ला, जाहिरातीत सगळीकडं पोरी आहेत, मग त्यांना कपडे बदलायला चार भिंती बांधायला कोण अडवतंय? तुम्ही प्रत्येक जण सरकारकडं वेगवेगळा जाऊन 'आमच्या खेळासाठी' मैदान मागता, म्हणून कुणालाच धड मिळत नाही. एकदा चौघं मिळून जा ना.

आणि मार्च २०२४ मध्ये तुम्ही काय करत होतात? लीगवाले सीझनचं उद्घाटन करायला लास व्हेगासला. ए एफ एलवाल्यांनी आपला पहिला आठवडा खास सिडनी-क्वीन्सलंडमध्येच ठेवला, मेलबर्नच्या जुन्या फॅनना नाराज करून. म्हणजे ज्यांचं प्रेम आहे ते गृहीत, आणि ज्यांचं नाही त्यांच्या दारात ढोल. सूनबाई आली की लेकीला विसरायचं, असं झालं हे.

तर मागणी साधी आहे. नवीन टीमचं लायसन्स देताना वीस वर्षांचा शब्द लेखी द्या, आणि पैसे संपले तर टीमचं नाव, रंग, ट्रॉफ्या त्या गावाकडंच राहतील हेही लिहा, दुसऱ्या शहराला विकता येणार नाहीत. होम मॅच घरीच खेळा. रविवारी दुपारच्या मॅच वाढवा, शुक्रवारी रात्री आठला सुरू होणारी मॅच टीव्हीला परवडते, आम्हाला नाही, ट्रेननं घरी यायला साडेअकरा होतात आणि शनिवारी सकाळी आठला पोरांची स्वतःची मॅच असते. शाळेत येता तर एक टर्म टोप्या वाटून जाऊ नका, एक कोच दोन वर्षं त्याच शाळेत ठेवा, मग तो कुठल्या का खेळाचा असेना. आणि ते 'एक खेळ निवडा' करू नका. माझी लेक हिवाळ्यात सॉकर खेळते, पोरगा टॅग खेळतो, उन्हाळ्यात दोघं क्रिकेट, फायनलच्या दिवशी आम्ही जायंट्स असले तर जायंट्स, पँथर्स असले तर पँथर्स (पेनरिथची लीगची टीम, २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं पँथर्सच होते, पेनरिथवाल्यांनी फार डोकं खाल्लं तेव्हा). आम्हाला दोन-तीन टीम चालतात हो. कुणाचा तरी एकाचाच झेंडा घ्या, हा हट्ट तुमचा आहे, आमचा नाही.

तुमच्यातल्या सगळ्यात जुन्या खेळाची सुरुवातही एका पत्रानंच झाली होती. १० जुलै १८५८ ला टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरनं मेलबर्नच्या पेपरात लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटवाले आळसावतात, त्यांच्यासाठी एक फुटबॉल क्लब काढा, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात नियम छापून तयार. त्याच्या पत्राला दहा महिन्यांत उत्तर मिळालं. मला तेवढी घाई नाही, पण पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत निदान चेंजिंग रूमचं तरी कळवा.

आपली,
टूंगाबीची एक आई, माहेर कोल्हापूर

ता. क. मेंबरशिपसाठी फोन करणार असाल तर संध्याकाळी सातनंतर करा आणि मलाच मागा. फोन ह्यांनी उचलला तर ते तुम्हाला पुणे वॉरियर्सपासून सगळं ऐकवतील, आणि त्यात तुमचा अर्धा तास जाईल.